क्लास न लावता प्रोग्रॅमिंग कसं शिकायचं? मोबाईलपासून सुरुवात आणि आठवड्याचं वेळापत्रक

"क्लास न लावता कोडिंग शिकता येतं का?" हा प्रश्न मला कोल्हापुरात कॉलेजची मुलं विचारतात, एमआयडीसीत शिफ्ट करणारी विचारतात आणि बारावीनंतर वर्षभर घरी असलेलीही विचारतात. उत्तर हो आहे. साहित्य मोफत आहे, मराठीतही आहे, आणि सुरुवात खिशातल्या फोनवर होते. पण याच्या पुढचे प्रश्न कमी जण विचारतात: रोज किती वेळ द्यायचा, त्या वेळेत नेमकं काय करायचं, आणि आपल्याला आता येतंय हे ओळखायचं कसं? क्लासमध्ये या तीन गोष्टी दुसरं कोणीतरी ठरवतं. एकट्याने शिकताना त्या आपल्यालाच ठरवाव्या लागतात, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यावर आहे.

सेल्फ-पेस्ड म्हणजे नक्की काय?

सेल्फ-पेस्ड म्हणजे स्वतःच्या वेगाने शिकणं. धडे आधीच तयार असतात. तुम्ही ते कधी आणि किती वेगाने बघायचे हे तुमच्यावर असतं. मात्र ऑनलाइन मिळणारा प्रत्येक मोफत कोर्स असा नसतो, आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

एनपीटीईएलचे कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. दर आठवड्याला असाइनमेंट येते आणि ती द्यायची तारीख ठरलेली असते. व्हिडिओ कधीही बघा, पण तारीख चुकली की त्या असाइनमेंटचे मार्क गेले. हार्वर्डचा प्रसिद्ध सीएस-५० कोर्स याहून सैल आहे. आठवडे नावापुरते, मुदत थेट वर्षाअखेरची. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पूर्ण मोकळा आहे, वाटेल तेव्हा वाटेल तो धडा उघडा.

मोकळीक जितकी जास्त तितकं बरं, असं वाटतं. आकडे उलट सांगतात. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या एडेक्सवरच्या कोर्सेसची २०१२ ते २०१८ या काळातली माहिती तपासून दोन संशोधकांनी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. निम्म्याहून जास्त लोकांनी तर नाव नोंदवल्यावर कोर्स उघडलाच नव्हता. पैसे भरून प्रमाणपत्राच्या मार्गाने गेलेल्यांमध्ये मात्र पूर्ण करणारे ४६ टक्के होते.

पैसे भरले की डोकं चालायला लागतं, असा याचा अर्थ नाही. ज्यांनी आधीच मनाशी पक्कं केलेलं असतं, तेच पैसे भरतात. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: शेवटची तारीख असलेली एखादी गोष्ट वर्षात हवी. एनपीटीईएलला प्रवेश मोफत असतो आणि परीक्षेची फी साधारण १००० रुपये. अंतिम गुणांत असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. स्वतःला बांधून घ्यायचा इतका स्वस्त मार्ग मला दुसरा माहीत नाही. पण तो पहिल्या महिन्यात नको. चार-सहा महिने हात बसला की मग.

आपल्याकडे अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. पहाटे सहाला येऊन रात्री दहाला उठणारी एमपीएससीची मुलं आपण बघतो, म्हणजे एकट्याने अभ्यास करणं आपल्याला नवीन नाही. फरक इतकाच की त्यांच्याकडे छापील अभ्यासक्रम असतो आणि परीक्षेची जाहिरात येते. प्रोग्रॅमिंगला दोन्ही नाही, त्यामुळे किती व्हिडिओ झाले हीच प्रगती वाटायला लागते.

वेळेचा हिशोब

'तीस दिवसांत पायथॉन' असे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. पीटर नॉर्विग या संगणकतज्ज्ञांनी २००१ साली असल्या मथळ्यांची फिरकी घेणारा एक निबंध लिहिला, त्याचं शीर्षकच 'दहा वर्षांत स्वतःहून प्रोग्रॅमिंग शिका' असं होतं. घाबरू नका, दहा वर्षं थांबायचं नाहीये. पण खरा हिशोब आधी मांडलेला बरा.

समजा, तुम्ही आठवड्यातले पाच दिवस रोज ४५ मिनिटं आणि रविवारी सलग दोन तास देता. ते झाले आठवड्याला पावणेसहा तास. सण, परीक्षा, लग्नसराई, आजारपण धरून वर्षातले ४८ आठवडे जरी मिळाले, तरी बेरीज २७६ तास होते. दिवसाला आठ तास, आठवड्याला पाच दिवस या हिशोबाने एखादा पूर्णवेळ शिकला, तर हेच तास त्याचे सात आठवड्यांत होतात. म्हणजे तुमचं अख्खं वर्ष म्हणजे त्याचे सात आठवडे.

हे ऐकून काही जणांचा चेहरा पडतो. मला मात्र हा आकडा उपयोगी वाटतो, कारण तीन महिन्यांत नोकरी लागली नाही म्हणून 'हे आपलं काम नव्हे' असं ठरवणारे कितीतरी जण असतात. तीन महिन्यांत त्यांचे जेमतेम सत्तर तास झालेले असतात. सत्तर तासांत गाडीचा मेकॅनिकही तयार होत नाही.

दिवसाऐवजी आठवडा मोजा. रोजची साखळी तुटू द्यायची नाही, असं काही ॲप्स शिकवतात. ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याला हे जमणार नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात तीन दिवस एक-एक तास आणि सुट्टीला तीन तास बसलात तरी सहा तास भरतात.

४५ मिनिटांत काय करायचं?

पहिली दहा मिनिटं कोरी फाईल. काल जे शिकलात ते व्हिडिओ न उघडता, वही न बघता टाईप करायचं आणि चालवायचं. अडलात तर अडा. पाच मिनिटं डोकं खाजवून मगच वही उघडा. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. व्हिडिओ बघून झाल्यावर लगेच 'समजलं' वाटतं, ती त्या पाचव्या मिनिटाची भावना असते.

पुढची पंधरा मिनिटं नवीन धडा. एकच. उरलेली वीस मिनिटं त्या धड्यातलं उदाहरण मोडायचं: आकडा बदला, ओळ काढून टाका, कंस गाळा, आणि काय होतं ते बघा. संगणक काही फुटत नाही. रविवारचे दोन तास स्वतःच्या प्रोजेक्टसाठी. त्या दिवशी नवीन व्हिडिओ नाही.

खासबाग मैदानात दर कुस्ती बघितली म्हणून कोणी पैलवान होत नाही, त्याला तालमीत जोर-बैठका माराव्या लागतात. कोडिंगच्या बाबतीत मात्र हे आपण विसरतो, कारण बघायला आणि करायला स्क्रीन एकच असते.

उठताना शेवटच्या मिनिटात फाईलमध्येच एक ओळ लिहून ठेवा: 'उद्या इथून: फॅट सहाच्या खाली असेल तर काय?' दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं या विचारातच निम्मी मुलं मोबाईलवर दुसरं काहीतरी उघडतात.

फोनवर कुठपर्यंत जाता येतं?

अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ हे ॲप टाका. ते एकदा डाउनलोड केलं की इंटरनेटशिवायही पायथॉन चालवतं. दुसरा मार्ग गूगल कोलॅब. तो ब्राउझरमध्येच उघडतो, कोड गूगलच्या संगणकावर चालतो आणि फाईल तुमच्या ड्राइव्हमध्ये राहते, पण नेट लागतं. एसटीने गावाकडे जाता-येता शिकणार असाल तर पहिला पर्याय बरा.

फोनच्या स्क्रीनवरचा कीबोर्ड त्रास देतो, हे खरं आहे. कंस, कोलन आणि अवतरणचिन्हं शोधण्यात वेळ जातो. ओटीजी केबल लावून साधा वायरचा कीबोर्ड फोनला जोडता येतो. काही फोनमध्ये त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी सुरू करावं लागतं. फोन डब्याला टेकवून उभा करा, समोर कीबोर्ड, झालं तुमचं टेबल. आणखी एक बारीक गोष्ट: पीडीएफ किंवा नोट्समधून कॉपी केलेल्या कोडमध्ये कधीकधी वळणदार अवतरणचिन्हं येतात. पायथॉनला फक्त सरळ चालतात. 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' असा मेसेज आला तर आधी तिथे बघा.

पहिले पाच-सहा महिने फोनवर निघतात. त्यानंतर मर्यादा जाणवते. अँड्रॉइड ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ फोनवर चालत नाही. पाच-सहा फाईल्सचा प्रोजेक्ट एवढ्याशा स्क्रीनवर सांभाळणं म्हणजे शिक्षा आहे. त्या टप्प्यावर जुना लॅपटॉप बघा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं पुरे. त्याआधी घेऊ नका. सहा महिने फोनवर टिकलात, तरच लॅपटॉप कपाटात पडून राहणार नाही.

कुठून शिकायचं?

पहिली भाषा पायथॉन घ्या. ती १९९१ पासून आहे, लिहायला कमी लागते आणि फोनवर नीट चालते. वेबसाइट बनवायचंच डोक्यात असेल तर फ्रीकोडकॅम्पवर एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट करा, तेही मोफत आहे. मात्र दोन्ही एकदम नको.

इंग्रजीची भीती असेल तर स्पोकन ट्युटोरियलपासून सुरुवात करा. आयआयटी मुंबईच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प मुळात एकट्याने शिकणाऱ्यांसाठीच आखलेला आहे. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केलेलं असतं. त्यांची पद्धतही सांगण्यासारखी आहे: स्क्रीनच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, आणि धडा थांबवत थांबवत तेच आपण करायचं. फोनवर स्प्लिट स्क्रीनने हे जमतं.

एक अडचण येते. काही धडे जुने आहेत. पायथॉनच्या धड्यात प्रिंट या शब्दापुढे कंस दिसला नाही, तर तो पायथॉन २ चा धडा आहे असं समजा. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तुम्ही कंस घाला, पुढे चला.

इंग्रजी ऐकून समजत असेल तर एनपीटीईएलवरचा आयआयटी रोपारच्या सुदर्शन अय्यंगार यांचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग' नवशिक्यांसाठी हलकाफुलका आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथॉन आणि डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स त्याहून अवघड, तो दुसऱ्या टप्प्याला. सीएस-५० ची पायथॉनची आवृत्तीही चांगली आहे, कारण तिथे तुमचा कोड आपोआप तपासला जातो. यातला एकच निवडा आणि संपवा. चार कोर्स निम्मे-निम्मे करणारा चार वेळा 'व्हेरिएबल म्हणजे काय' एवढंच शिकतो.

आणि एमएस-सीआयटी झालंय म्हणून प्रोग्रॅमिंग येईल असं धरून चालू नका. तो कोर्स संगणक वापरायला शिकवतो, ती वेगळी गोष्ट.

पहिला प्रोजेक्ट: घरचं दूध बिल

इंटरनेटवरचे पहिले प्रोजेक्ट बहुतेक वेळा कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट असतात. त्यांचं उत्तर बरोबर आलं की चूक, याने घरात कोणाला फरक पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गावागावात दूध संस्था आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं जातं, लिटर आणि फॅट लिहिली जाते, आणि बऱ्याच ठिकाणी दर दहा दिवसांनी बिल निघतं. तुमच्या घरी म्हैस नसेल तर शेजारी असेल. त्या बिलाचा प्रोग्रॅम लिहा. (कोडमधले शब्द मी इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना ते इंग्रजी अक्षरांत करायचे.)

पहिल्या रविवारी एवढंच: इनपुट वापरून लिटर विचारा, दर विचारा, गुणाकार करून प्रिंट करा. आणि इथेच पहिला धक्का बसेल. पायथॉन टाईपएरर देईल. कारण इनपुटमधून आलेली गोष्ट पायथॉनला आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. पाच आणि सहा टाईप करून बेरीज केली तर अकरा येत नाही, छप्पन्न दिसतं, कारण दोन मजकूर एकमेकांना चिकटतात. गुणाकार तर होतच नाही. फ्लोट लावून मजकुराचा आकडा करावा लागतो. हे व्हिडिओत दहा वेळा ऐकलेलं असतं, पण या एररनंतर कधी विसरत नाही.

एरर आला की घाबरून सगळं पुसू नका. मेसेज खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत काय चुकलं ते असतं, आणि त्याच्या थोडं वर कितव्या ओळीत चुकलं ते. मी तर म्हणतो, वहीचं एक पान फक्त एररसाठी ठेवा: मेसेज काय आला, खरं कारण काय निघालं. दोन महिन्यांत त्या पानावर तेच सात-आठ एरर पुन्हा पुन्हा दिसतील. तो तुमचा खरा अभ्यासक्रम.

दुसऱ्या रविवारी दरपत्रक. फॅट बदलली की दर बदलतो, गाय आणि म्हैस यांचे दर वेगळे. आधी इफ आणि एल्स-इफने लिहा. पंधरा-वीस ओळी झाल्यावर वैताग येईल. तो आला की डिक्शनरी शिकायची वेळ झाली: डाव्या बाजूला फॅट, उजव्या बाजूला दर. डिक्शनरी आधी शिकली तर ती कशाला लागते तेच कळत नाही.

तिसऱ्या रविवारी दहा दिवस. रोजच्या दोन वेळा म्हणजे वीस नोंदी. इथे लिस्ट आणि फॉर लूप आपोआप लागतात. चौथ्या रविवारी लक्षात येईल की ॲप बंद केलं की सगळ्या नोंदी गेल्या. मग फाईलमध्ये लिहायला शिका. सीएसव्ही फाईल ठेवली तर ती एक्सेलमध्येही उघडते. पशुखाद्याची किंवा इतर कपात त्यानंतर.

आता खरी परीक्षा. संस्थेकडून आलेलं कागदी बिल घ्या आणि तुमचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा. काही पैशांचा फरक निघण्याची बरीच शक्यता आहे, आणि या फरकाचं कारण शोधणं हा या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मोठा धडा आहे. पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज सांगा. उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. संगणक हे दशांश अपूर्णांक दोनाच्या पटीत साठवतो, त्यामुळे ०.१ तंतोतंत साठवताच येत नाही. शिवाय पायथॉनचं राउंड हे फंक्शन शाळेसारखं नाही: अडीच राउंड केलं की दोन येतात आणि साडेतीन राउंड केलं की चार, कारण बरोबर मध्ये असलेला आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. आणि प्रत्येक नोंद आधी राउंड करून बेरीज केली, की शेवटी एकदाच राउंड केलं, यानेही बिल बदलतं. पैशांचा हिशोब करताना रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण आकड्यांत करायचा, ही सवय लागते ती अशी.

बिल जुळलं की तो प्रोग्रॅम ज्यांच्या नावावर दूध जातं त्या आईला किंवा काकूला वापरायला द्या. फॅटच्या रकान्यात त्या चुकून साठ टाकतील आणि प्रोग्रॅम निमूटपणे हिशोब करेल. मग चुकीचा इनपुट कसा अडवायचा ते शिकाल.

ऊस असेल तर ऊसबिल, घरात किराणा दुकान असेल तर उधारीची वही, तालमीच्या मंडळात असाल तर वर्गणी. कोणी वापरणारं असावं आणि उत्तर ताडून बघायला कागद असावा, एवढंच बघा.

मराठी अक्षरांची गंमत

हे एक छोटं प्रकरण मला फार आवडतं, आणि इंग्रजी कोर्समध्ये ते मिळत नाही. पायथॉनला 'कोल्हापूर' या शब्दाची लांबी विचारा. आपल्याला चार अक्षरं दिसतात: को, ल्हा, पू, र. पायथॉन ९ सांगतं. क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र, असे नऊ तुकडे युनिकोडमध्ये वेगवेगळे साठवलेले असतात. शब्द उलटा करून छापलात तर मात्रा भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. मराठीतला एसएमएस ७० अक्षरांत संपतो आणि इंग्रजी १६० पर्यंत जातो, त्यामागेही अक्षरं साठवण्याची ही भानगडच आहे, आणि त्या ७० मध्ये काना-मात्राही मोजल्या जातात.

पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. 'दर' आणि 'लिटर' अशी नावं द्या, कोड चालतो. इनपुटमध्ये देवनागरी अंक टाकले तरी इंट आणि फ्लोट ते ओळखतात. मात्र कोडमध्ये थेट देवनागरी अंक लिहिला तर एरर येतो. नोकरीच्या ठिकाणी नावं इंग्रजीतच ठेवतात, तरी पहिल्या महिन्यात डोक्यावरचा भार कमी करायला ही सोय वापरायला माझी हरकत नाही.

सीएनसीवर असाल तर तुम्ही आधीच प्रोग्रॅमर आहात

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत सीएनसी किंवा व्हीएमसी मशीनवर काम करणाऱ्या मुलांना कोडिंग म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांचं काम वाटतं. पण जी-कोड हा प्रोग्रॅमच आहे. ओळीमागून ओळ चालते, अक्षांचे निर्देशांक असतात, जी०० ला टूल वेगाने सरकतं, जी०१ ला ठरलेल्या फीडने कापत जातं. एम९८ ने सबप्रोग्रॅम बोलावता आणि एम९९ ने परत येता, तेच पायथॉनमध्ये फंक्शन आहे. एक चुकीचा आकडा गेला तर जॉब वाया जातो, ही धास्तीही तुम्हाला माहीत आहे. या मुलांनी दूध बिलाऐवजी एक करावं: भोकांची संख्या आणि वर्तुळाचा व्यास विचारून प्रत्येक भोकाचे निर्देशांक काढणारा प्रोग्रॅम. साइन-कोसाइन लागेल, ते दहावीत झालेलं असतं. कंट्रोलरवर तयार सायकल असते तिच्याशी उत्तर ताडून बघा, पण कागदावरच. मशीनवर नाही.

वस्तू उघडून शिकण्याची या गावाला जुनी सवय आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या काळात सिनेमा शिकवणारी शाळा नव्हती. जुन्या प्रोजेक्टरची रचना समजून घेत त्यांनी कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, बाबूरावांनी काम तडीस नेलं आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. प्रोग्रॅमिंगमध्येही दुसऱ्याचा चालणारा छोटा कोड उघडून, एकेक ओळ बदलून बघणं हा शिकण्याचा मोठा भाग आहे.

खंड पडणारच

गणपतीचे दिवस, जोतिबाची यात्रा, सेमिस्टर परीक्षा, ऊसतोड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा तर कित्येक गावांत लाइट आणि नेटवर्कच नव्हतं. वेळापत्रक असं करा की त्यात खंड गृहीत धरलेला असेल. पंधरा दिवसांनी परत बसताना पुढचा धडा उघडू नका आणि पहिल्यापासूनही सुरू करू नका. दोन दिवस फक्त कोरी फाईल: शेवटचे तीन-चार धडे आठवून टाईप करा. जिथे अडाल तिथून पुढे.

एआयला काय विचारायचं?

चॅटबॉटला दूध बिलाचा प्रोग्रॅम मागितला तर तो अर्ध्या मिनिटात देईल, बहुतेक बरोबरही देईल. तुम्हाला बिल हवं असेल तर ठीक. शिकायचं असेल तर पहिली वीस मिनिटं त्याला हात लावू नका. मग एरर मेसेज द्या आणि मराठीतच सांगा: 'याचा अर्थ समजावून सांग, दुरुस्त कोड देऊ नकोस.' तो तरीही कोड देईल, ही त्याची खोड आहे. दिलाच तर वाचा, बंद करा आणि आपल्या हाताने कोऱ्या फाईलमध्ये लिहा. हे अवघड जातं. मी स्वतः शिकवताना फोन उलटा ठेवायला सांगतो.

क्लासला पैसे भरावेत का?

काही जणांना समोर माणूस लागतो, आणि चांगला शिक्षक असेल तर क्लासचा उपयोग होतो. माझी हरकत एकाच प्रकाराला आहे: 'जॉब गॅरंटी' म्हणून हजारो रुपयांचा कोर्स आणि त्यासाठी हप्त्यांचं कर्ज. तुम्ही कोर्स मध्येच सोडला तरी हप्ता चालूच राहतो, आणि तो बऱ्याचदा वडिलांच्या नावावर असतो. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: गॅरंटी म्हणजे नोकरी की फक्त मुलाखत, कोर्स सोडला तर पैसे किती आणि कधी परत मिळतात, आणि कर्ज देणारी संस्था कोणती. फोनवर गोड बोलणारा माणूस या तिन्हींचं उत्तर ईमेलवर द्यायला तयार नसेल, तर तिथून उठा.

आणि त्याआधी तीन महिने वरच्या पद्धतीने काढा. त्यात फारसा खर्च नाही. सत्तर तासांनंतर दूध बिल कागदाशी जुळत असेल आणि रविवारी बसायला आवडत असेल, तर क्लास लावला तरी तुम्ही तिथे योग्य प्रश्न घेऊन जाल. जुळलं नाही आणि कंटाळाही आला, तर सत्तर तास गेले, कर्ज नाही.